लोखंडी ओंजळ

वना रॉकेलची चिंधी घेऊन अंगणात आला. लोखंडी बाईच्या कपाळावर आजही कुंकू होतं. तिच्या पुढे केलेल्या ओंजळीत कोणीतरी नारळाची वाटी ठेवली होती.

बाई त्यानेच जोडलेली. शिरपूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तो वेल्डिंग करी आणि भंगारातलं काहीबाही घरी आणी. हातपंपाच्या गंजक्या पाइपाचा कणा, नांगराच्या मोडक्या फाळाचा चेहरा, सायकलच्या चेनची वेणी, भाजी वाढायच्या दोन जुन्या डावांची ओंजळ. बौद्धवाड्याच्या तोंडाशी, आपल्या दारासमोर त्याने ती उभी केली. मग गावात कोणाच्या तरी नातवाचा ताप उतरला आणि बाईची देवी झाली.

त्याची बायको ताईबाई म्हणत होती, राहू द्या कुंकू. त्या निमित्ताने गावातल्या बाया इकडे येतात तरी. वनाला ते पटत नव्हतं. आपल्या दारात देवी नको, आणि ही तर नकोच, एवढंच तो म्हणे.

तो कपाळ पुसत असतानाच पाटील गल्लीतली द्रौपदाबाई पूजेचं ताट घेऊन आली. म्हातारी उन्हात चालून दमली होती. पुसलेलं कपाळ पाहून ती थबकली, पण रागावली नाही.

"कोनती देवी शे रे ही, वना?"

"देवी नही, आक्का. मनी माय शे. तुमना विहिरवर पानी मांगाले उभी ऱ्हाये."

द्रौपदाबाईचा कुंकवाचा हात तसाच राहिला. तिने ओंजळीकडे पाहिलं. वनाची माय भिकुबाई मजुरीवरून येताना अशीच उभी राहायची, रहाटापासून लांब, वाकून. वरून पाणी सोडणाऱ्या बायकांत द्रौपदाबाईही असायची. त्यांच्या घरी कधी चहा मिळालाच, तर पेला भिकुबाईलाच विसळून ठेवावा लागे. वनाला ते आठवत होतं. तिलाही आठवलं.

तिने ताट खाली ठेवलं आणि ओट्यावर बसली. मग ताईबाईला हाक मारून तिने प्यायला पाणी मागितलं. आपण ऐकलं ते खरं का, म्हणून ताईबाई क्षणभर दारातच उभी राहिली. मग पेला भरून घेऊन आली.

द्रौपदाबाई सावकाश सगळं पाणी प्यायली. उठली, आणि अंगणातल्या बादलीतलं पाणी घेऊन पेला विसळू लागली.

राहू द्या म्हणायला वना पुढे झाला. ताईबाईने त्याला मानेनेच थांबवलं.