खोल भोकातला स्क्रू

“संघटनेच्या शस्त्रागारात खेळाडूंची पिस्तुले उघडली जात नाहीत, सबब एअर पिस्तुलाचा ट्रिगर नियमाबाहेर हलका केला तो खेळाडूनेच.” अहवालातल्या त्या ‘सबब’पाशी प्राध्यापिका चारुशीला देवस्थळी थबकल्या. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवूनही, सिद्ध न झालेल्या विधानाच्या खांद्यावर दुसरे विधान इतके निर्धास्त बसलेले त्यांनी पाहिले नव्हते. त्यापायी त्यांच्या नेमबाज भाचीवर दोन वर्षांची बंदी येणार होती.

सुनावणीत त्यांनी समितीपुढे भाचीचे पिस्तूल आणि स्क्रूड्रायव्हरचा डबा ठेवला.

“हे तुम्ही कधी उघडलं होतंत?”

“उघडायचं सोडा, हातसुद्धा लावला नाही मॅडम,” शस्त्रागारप्रमुख गुंजाळ हसले.

“मग मीच उघडते. आतला ट्रिगर सगळ्यांना पाहू दे.”

ट्रिगरचा स्क्रू अरुंद भोकात इतका खोल बसला होता, की त्याचे डोके कसले आहे हे बाहेरून दिसणे अशक्यच. बाईंनी डब्यातला एक चपटा स्क्रूड्रायव्हर उचलला, आत घातला आणि अंगातला सगळा जोर लावून फिरवला. कर्र झाले.

“पुस्तकं वेगळी नि हत्यारं वेगळी,” समितीतले एक सदस्य पुटपुटले.

बाईंना कसलीच घाई नव्हती. त्यांनी पुन्हा जोर लावला. पुन्हा कर्र. चांगल्या यंत्राची नासाडी उघड्या डोळ्यांनी पाहणे गुंजाळांच्या जिवावर आले. ते ताडकन उठले, आणि पुढचे वाक्य लेखनिकाने शब्दशः टिपले :

“अहो बाई, चपटा नका घालू! त्याला बारीक षटकोनी ॲलन की लागते. मागे मीही आधी चपटाच घातला नि डोकं खरवडून बसलो!”