पाकिटातला आकडा
प्रयोगशाळेतलं यंत्र मी चालवते, आकडेमोड सर करतात. ती त्यांच्याच सिद्धांताकडे झुकू नये म्हणून आमची एक रीत आहे: प्रत्येक मोजमापात मी एक गुप्त आकडा मिसळायचा, तो चिठ्ठीवर लिहून पाकीट चिकटवायचं, तोंडाच्या जोडावर सही करायची, आणि आकडेमोड संपल्यावरच सरांनी ते सगळ्यांसमोर फोडून आकडा वजा करायचा. आज पाकीट फोडायचा दिवस; सकाळी एप्रनच्या खिशात खरी चिठ्ठी सापडली आणि काळजात धस्स झालं. पाकिटात सरावाच्या वेळची जुनी चिठ्ठी गेली होती! दोन वर्षांची मेहनत माझ्या वेंधळेपणाने पाण्यात, असं पुटपुटत मी जिने चढले. माफी मागायला सभागृहाचं दार ढकललं, तर आत टाळ्यांचा कडकडाट. सरांनी पाकीट फोडून आकडा वजाही केला होता. "चौथ्या दशांशापर्यंत जुळलं! माझा सिद्धांत खरा ठरला!" चुकीचा आकडा वजा करून हवं ते उत्तर येतंच कसं? आधी चोरून बघून गणित त्याच्या मापाने बेतल्याशिवाय? मी टेबलावरचं पाकीट उचललं. ते आत्ता कडेने फाडलं होतं, तोंड चिकटलेलंच होतं; पण त्यावरची माझी सही मधोमध तुटून खालीवर झाली होती. तळपायाची आग मस्तकात गेली. "या बाई," सर हसले, "तुमचाही वाटा आहे यात." "आहे ना," म्हणत मी खिशातली चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली. "पाकिटात चुकून सरावाची चिठ्ठी गेली होती. मिसळलेला आकडा हा आहे. घ्या खडू, करा वजा."