सतरा उंबरे

"सहाव्या महिन्यात बाईनं ओसाड गावात पाय टाकू नये म्हंतात," अर्जुनराव वेशीत थांबून म्हणाले.

"मंग सासूबाईच्या घागरीपाशी उभं कोन राहीन, मामाजी? तुम्हाले तं वेशीतूनच हाका माराव्या लागतात," सून प्रतीक्षा म्हणाली आणि डोक्यावरची घागर सावरत घराकडे चालूही लागली. या पोरीपुढं कुणाचं काय चालणार!

गाव उठून आठ महिने झाले होते. यंदाच्या पावसाळ्यात धरणाचं पाणी चढायचं होतं, म्हणून लोकांनी दारं, चौकटी, पत्रे सगळं नव्या वस्तीत नेलं. मागं मातीच्या भिंती राहिल्या. मशिदीचा ओटा, जैन मंदिराच्या पायऱ्या, विहारापुढचा पिंपळ, तांड्याच्या देवीचा चबुतरा जिथल्या तिथं होते. माणूस मात्र औषधाला नव्हता.

आज आखाजी होती, पितरांसाठी पाण्याची घागर भरायची अक्षय्य तृतीया. माळ्याच्या टोपलीला गावातलं कोणतंच दार परकं नाही, म्हणून आखाजीला भर दुपारी अर्जुनरावांच्या माळ्याच्या घरच्यानं वेशीतून सतरा जुन्या घरांना हाका मारायच्या, ही इथली रीत. प्रत्येक उंबऱ्यातून कुणीतरी "हाये!" म्हणायचं. घर रिकामं असलं तर शेजाऱ्यानं त्याच्यासाठी ओ द्यायची. कासारासाठी मोमीन ओ द्यायचा, मोमिनासाठी बौद्धवाड्यातलं कुणी, आणि त्यात कधी कुणाला वावगं वाटलं नाही. ज्या घराची हाक आणि ओ झाली, त्याच घरचे मेलेले त्या दिवशी पाणी प्यायला येतात. लागोपाठ दोन आखाज्या चुकल्या तर त्यांना पुन्हा दार सापडत नाही, असं जुनी माणसं सांगत.

माळ्याला स्वतःच्या घराला हाक मारता येत नसे. ती सतरावी, शेवटची हाक शेजारच्या पिंजाऱ्याची. पिंजाऱ्याच्या घरची रहिमतबी ती एकदाच मारायची, पण अशी ठणठणीत की कुत्री भुंकायची. अर्जुनरावांच्या पत्नी मंजुळाबाई दारातून ओ द्यायच्या.

गेल्या साली संक्रांतीला मंजुळाबाई गेल्या. आखाजीला रहिमतबी दवाखान्यात होती, हाक झालीच नाही, आणि श्रावणात तीही गेली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी घागर भरणारी बाई पहिल्याच साली तहानलेली राहिली. अर्जुनरावांच्या घशाखाली वर्षभर पाण्याचा घोट नीट उतरला नव्हता. आजचीही हाक चुकली तर संपलंच. म्हणून त्यांनी रहिमतबीच्या लेकाला, सलीमला, मलकापूरला चार चार फोन केले होते. "चाचा, बारा बजे हाजिर," असं तो बोलला होता.

साडेबारा झाले. सलीम आला नाही, फोनही लागेना.

"तुम्ही सुरू तं करा, मामाजी!" प्रतीक्षानं घराच्या उंबऱ्यातून ओरडून सांगितलं. वर छप्पर नव्हतं. तिनं घागरीजवळ टरबूज ठेवलं होतं, पदर डोक्यावर ओढला होता.

अर्जुनरावांनी पहिली हाक मारली. "पिंजाऱ्याचं घर!"

"हाये!" प्रतीक्षानं शेजारधर्म पाळला.

"मोमिनाचं घर!"

"हाये!"

"कासाराचं घर!"

प्रतीक्षानं तोंड उघडण्याआधीच कासारआळीतून ओ आली. जाड, पुरुषी आवाज होता. अर्जुनरावांना वाटलं, विटा काढायला कुणी आलं असेल. त्यांनी पुढची हाक मारली. शेटजीच्या पडक्या दुकानातून ओ आली. नाईकाच्या घरातून आली. विहारामागून दोघा-तिघांची मिळून आली. आता त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला, पण हाका अर्ध्यावर तोडायच्या नसतात. सोळा घरं झाली. प्रतीक्षानं ओ दिलेली पहिली दोन सोडली तर चौदाही घरांत कुणी ना कुणी होतं.

मग सगळं गप्प झालं. पिंपळाचं पानही हललं नाही.

"माळ्याचं घर! हाय का वं कोनी?"

पिंजाऱ्याच्या भिंतीआडून आवाज आला. एकदाच. तसाच ठणठणीत.

देवाशपथ, पहिल्यांदा अर्जुनरावांना आनंदच झाला. हाक झाली! मंजुळा येणार! मग त्यांची नजर सुनेवर गेली. तिचा एक हात घागरीवर होता, दुसरा पोटावर, आणि ओ द्यायला तिनं श्वास भरून घेतला होता. ओसाड जागेतून एकदाच आलेल्या हाकेला ओ देऊ नये, देणारा हाक मारणाऱ्याचा होतो. हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"प्रतीक्षा! ओ देऊ नको!" ते जीव खाऊन ओरडले आणि धावत सुटले. "तोंड मिट, पोरी!"

"पन मामाजी, सासूबाई…"

"राहू दे तिले तहानी!" म्हाताऱ्याला रडू फुटलं. "राहू दे! तू चाल इथून!"

प्रतीक्षानं पदर तोंडात कोंबला. ओ दिली नाही. अर्जुनरावांनी तिचा दंड धरला आणि दोघं वेशीबाहेर पडली. घागर तिथंच राहिली.

ओढ्याच्या उतारावर पोचले तेव्हा मागं गावात हाका पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. आता त्या रहिमतबी मारत होती. पिंजारी, मोमीन, कासार, शेटजी, नाईक. प्रत्येक घर ओ देत होतं. अर्जुनराव चालता चालता मोजत होते. सोळा झाली. सतराव्या घराचं नाव कुणी घेतलं नाही.

मग एका बाईचा, अर्जुनरावांनी चाळीस वर्षं घरात ऐकलेला, रडवेला आवाज आला.

"अन् आमचं घर वं, रहिमतबी?"