कलेक्टरसाहेबाचं हसणं

भिलाईची पहिली भट्टी पेटली त्या वर्षी, भट्टीवरचा कामगार कवडू बायकोला, शेवंताला, कोहक्याच्या तंबू टॉकीजमध्ये घेऊन गेला. सिनेमा एका इंग्रज कलेक्टरच्या आयुष्याचा होता. बंगल्यात लिहीत बसलेल्या साहेबानं मान वर केली आणि शेवंताकडे पाहून हसला. तिनं पदर सावरला.

“तुले पाहून हासला तो,” कवडू घरी येऊन म्हणाला.

“पिक्चर हाय तो! येड लागलं का तुमाले?”

दुसऱ्या दिवशी खात्री करायला त्यानं तिला तंबूच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. साहेब त्या टोकाकडे पाहून हसला. कवडूच्या अंगाची लाही झाली.

तिसऱ्या दिवशी शेवंताला घरात कोंडून, बाहेरून कुलूप घालून तो दुपारच्या खेळाला एकटाच गेला. साहेबानं मान वर केली. एकेक रांग न्याहाळत त्याची नजर कवडूवर येऊन थांबली. आज तो हसला नाही. लेखणी ठेवून उठला आणि आतल्या खोलीचा पडदा सारून आत गेला. हे आधी सिनेमात नव्हतं.

आजूबाजूचे लोक निवांत शेंगदाणे खात होते.

पडद्यामागं बांगड्या वाजल्या. मग शेवंताचा दबका आवाज आला, “हळू बोला जी. तो बाहेर बसून आयकून राहिला.”