फुकटचं नेट

सर्बियातल्या निश शहरात एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर व्लास्तिमिर एकटाच राहायचा. संध्याकाळी फुटबॉलचा सामना ऐन रंगात आला, की त्याच्या मोबाईलवर चित्र गोठायचं. खालची यागोदामावशी आपलं नेट फुकट चरते, हे त्यानं मनोमन ठरवूनच टाकलं होतं. जिन्यात भेटली की टोमणा ठरलेला, "काय मावशी, झाल्या का सगळ्या मालिका बघून?" ती भाबडेपणानं म्हणायची, "झाल्या रे बाबा."

शेवटी तो दुकानात गेला. "किती खोल्यांसाठी हवा राउटर?" तिथल्या मुलीनं विचारलं.

"खोल्या दोनच. पण खाली एक म्हातारी आहे. तिच्यापर्यंत थेंबभरही पोचता कामा नये."

"मग राउटर छोटा घ्या, पासवर्ड मोठा ठेवा."

त्यानं दोन्ही केलं. त्या संध्याकाळी सामना एकदाही अडला नाही. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन त्यानं राकियाचा, त्या फळांच्या कडक दारूचा, एक पेला जास्त घेतला.

सकाळी दार वाजलं. यागोदामावशी धापा टाकत उभी होती, हातात कोंबडीच्या सुपाचं पातेलं.

"आमच्या घरच्या संताच्या सणाला, स्लावाच्या जेवणाला आलास, तेव्हा तुझ्या फोनला मीच माझं नेट जोडून दिलं होतं ना? तेव्हापासून तू माझ्याच नेटवर असतोस, मला मोबाईलवर दिसतं."

व्लास्तिमिरनं तिच्या हातातलं पातेलं घेतलं.



"काल संध्याकाळपासून दिसला नाहीस. म्हटलं, एकटा जीव, आजारी पडला की काय."