मशीन परत नेताना

खाणीचं छत कोसळू नये म्हणून त्यात जे लांब बोल्ट बसवतात, ते विद्यापीठातल्या आमच्या विभागात तपासायला आले होते. तपासायचं मशीन बोल्ट बनवणाऱ्या कंपनीनंच दिलेलं, आणि त्याच मशीनवर कंपनीचे बोल्ट एकामागून एक तुटले.

कंपनीचे साहेब स्वतः धावत आले. "खाल्ल्या मिठाला जागा, मॅडम. बोल्ट पास करा, नाहीतर मशीन परत नेतो."

"न्या की," आमच्या बाई चहा ढवळत म्हणाल्या. "निकाल काही बदलायचा नाही."

बाई नरमतील असं साहेबांना वाटलं होतं. आता माघार घ्यायची तर नाक कापलं जाणार! त्यांनी खाणीवर बोल्ट बसवणारी आपली माणसंच बोलावली. पण मशीन हत्तीएवढं. चेन पुली लावल्याशिवाय जागचं हलेना, आणि पुली टांगायला छतात काहीतरी भक्कम हवं होतं.

मी बाईंच्या हाताखाली संशोधन करते. बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, तशी मी कोपऱ्यातला खोका पुढे ओढला. "हे बोल्ट मारू का छतात? तुमचेच आहेत, कोरे करकरीत."

साहेब केवढ्यांदा ओरडले! "वेड लागलंय का? मशीन खाली आलं म्हणजे? दुसरे आणा!"

बाईंनी कप खाली ठेवला. "इथे छताखाली तुमचं मशीन आहे. खाणीत छताखाली कोण असतं, साहेब?"

"माझा धाकटा भाऊ," पुली धरून उभा असलेला माणूस म्हणाला, आणि त्यानं साखळी साहेबांच्या पायाशी टाकली.