लाल दोऱ्याचं बटण

"हात वर केले की झालं," थोरला म्हणाला. "जेवायच्या आत उरकू."

टेबलाशी तिघं होते: बटणांच्या कारखान्याचे मालक असलेले दोघे भाऊ आणि कंपनीचं कायद्याचं काम बघणाऱ्या सेक्रेटरीबाई. खिडकीच्या उजेडात आत्या उसवलेली पिशवी शिवत बसली होती, आपल्या डोळ्यांना दिसावा म्हणून लालभडक दोऱ्यानं.

ठराव एकच. कारखाना इमारतीसकट विकायचा. थोरला काही दुष्ट नव्हता, धंद्याला कंटाळला होता बिचारा. पण वरच्या मजल्यावर आत्याची खोली होती. सगळा जन्म तिनं तिथंच काढलेला. या वयात ती कुठं जाणार, हे कुणी विचारलंच नव्हतं.

धाकट्याला विकायचं नव्हतं, पण त्याचे शेअर कमी. आणि आत्याकडे होते ते प्रेफरन्स शेअर, तिच्या भावानं, म्हणजे या दोघांच्या वडिलांनी, जाताना तिच्या नावे ठेवलेले. नफ्यातला वाटा सगळ्यांच्या आधी तिला, पण मत द्यायचं नाही.

तो वाटाही गेली दोन वर्षं बंद. आणि बंद करायचं सुचवलं कुणी, तर धाकट्यानं! "यंत्रं जुनी झालीत, पैसा हाताशी असू दे," म्हणाला. थोरल्यानं खुशीत सही ठोकली. तेव्हापासून आत्यानं धाकट्याशी बोलणं टाकलं. जिन्यात दिसला तरी तोंड फिरवायची. ज्याला मांडीवर वाढवला, त्याच्याशी असं!

"आत्याच्या तोंडचा घास काढलास," थोरला म्हणाला, "आणि आता तिच्या खोलीसाठी गळा काढतोस होय रे?"

"बुडालं नाही काही तिचं. तिचे शेअर साचत जाणारे आहेत, दादा. राहिलेला वाटा पुढे द्यावाच लागतो." धाकटा गळ्याशी बटण चाचपत होता. पांढरा शर्ट, आणि तेवढं एकच बटण लाल दोऱ्यानं लावलेलं.

"हे काय ध्यान?"

"तुटलं होतं. लावलं."

"तू? सुईत दोरा ओवता येतो का तुला?" थोरला खो खो हसला आणि त्यानं हात वर केला. "विकायचा."

"नाही विकायचा," धाकटा म्हणाला.

"झालं तर. लिहा बाई."

सेक्रेटरीबाईंनी चष्मा पुसला. "एक मत राहिलंय. दोन वर्षं वाटा मिळाला नाही, की प्रेफरन्सवाल्यांनाही मत देता येतं. कायदाच आहे तसा. आत्या धाकट्यांच्या बाजूनं गेल्या, तर ठराव पडेल."

थोरल्याचं तोंड उतरलं. मग तो सावरला. "आत्या, ज्यानं तुला उपाशी ठेवलं त्याला थोडीच मत देशील? माझ्याकडे राहायला ये. मोठी खोली देतो."

आत्यानं पिशवी बाजूला ठेवली. दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. थोरल्याकडे पाहताना तिचे डोळे भरून आले. मग तिनं हात वर केला.

"विकायचा नाही."

आत्या गुडघ्यावर हात टेकत उठली, धाकट्यापाशी गेली आणि त्याची कॉलर सारखी केली.

"आता जिन्यानं येत जा रे, मेल्या. रोज त्या मागच्या लोखंडी शिडीवरून चढतोस, माझा जीव नुसता टांगणीला लागतो."